मातेच्या अल्पकालीन अनुपस्थितीत नवजात बालकाचे स्तन्यपोषण : शास्त्र, परंपरा आणि व्यवहार

सारांश

जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बालकास केवळ आईचे दूध द्यावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. परंतु बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही आईला परीक्षा, वैद्यकीय तपासणी, कार्यालयीन काम अथवा रोजगार यांसाठी काही तास बाळापासून दूर राहावे लागते. अशा प्रसंगी 'वरचे दूध' सुरू केले जाते आणि निव्वळ स्तनपानाचा क्रम खंडित होतो. हा खंड टाळण्यासाठी हाताने दूध काढणे, ते सुरक्षित ठेवणे आणि वाटी-चमचा किंवा बोंडल्याने पाजणे या तीन सोप्या क्रियांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. ही कौशल्ये केवळ मातेपुरती मर्यादित नसून कुटुंब आणि संस्था यांचीही जबाबदारी आहेत, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : निव्वळ स्तनपान, काढलेले दूध, पान्हा, बोंडले, हिरकणी कक्ष.

प्रस्तावना

हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने लहानपणी ऐकलेली असते. रायगडावर दूध विकण्यास गेलेली ही गवळण संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यामुळे वरच अडकली. पायथ्याच्या घरी तान्हे मूल होते. त्याच्या ओढीने ती रात्रीच्या अंधारात उभा कडा उतरून गेली आणि पुढे त्या जागी शिवाजी महाराजांनी बुरूज बांधला, असे सांगितले जाते. या कथेकडे आपण मातृप्रेमाची आणि धैर्याची कथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आहारशास्त्राच्या अभ्यासकाला या कथेत आणखी एक प्रश्न दिसतो. आई गडावर असताना घरच्या बाळाला दूध पाजण्याची काही सोय का नव्हती?

आजच्या काळातील अनेक मातांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. महाविद्यालयात शिकणारी विवाहित विद्यार्थिनी बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या परीक्षेस बसते. शेतमजूर स्त्री महिना उलटण्यापूर्वीच कामावर परतते. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली स्त्री टाके दाखविण्यास तालुक्याच्या गावी जाते. या प्रत्येक वेळी घरातील वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न येतो की, बाळ रडले तर काय द्यायचे? आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते : गाईचे पाणी घातलेले दूध, डब्यातील दुधाची भुकटी, साखरेचे पाणी किंवा गुटी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. म्हणजेच साधारणतः तीनांपैकी एका बालकाच्या आहारात या वयात आईच्या दुधाखेरीज अन्य काही तरी आलेले होते. याची कारणे अनेक आहेत; 'आई घरी नव्हती' हे त्यांतील एक असून ते सर्वांत सहज टाळता येण्यासारखे आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) मातेच्या अनुपस्थितीतही आईचेच दूध देणे का आवश्यक व शक्य आहे, हे स्पष्ट करणे.
२) दूध काढणे, साठविणे व पाजणे यांच्या शास्त्रीय पद्धतींचा परिचय करून देणे.
३) या संदर्भातील पारंपरिक साधने व समजुती यांची चिकित्सा करणे.
४) कुटुंब, रुग्णालय व शिक्षणसंस्था यांच्या जबाबदारीकडे लक्ष वेधणे.

स्तन्यनिर्मितीची प्रक्रिया

स्तनातील दूध हे भांड्यात भरून ठेवलेल्या पाण्यासारखे नसते. ते निघेल तसे नव्याने तयार होत असते. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे दुग्धपेशींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावून दूध बाहेर येते. या दुसऱ्या क्रियेला मराठीत 'पान्हा फुटणे' असा समर्पक शब्द आहे. बाळाची आठवण, त्याचा स्पर्श किंवा रडणे यांनी पान्हा फुटतो. भीती, वेदना व चिंता यांनी तो अडतो. गाय 'पान्हा चोरते' असे आपण म्हणतो, तेव्हा याच क्रियेचे वर्णन करत असतो.

याशिवाय स्तनात एक स्थानिक नियंत्रणही असते. स्तन दीर्घकाळ भरलेला राहिला तर निर्मिती मंदावते. तो रिता झाला तर निर्मितीला चालना मिळते. 'दूध पिळून काढले तर ते आटते' ही समजूत म्हणूनच वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. दूध काढल्याने आटत नाही. न काढल्याने आटते. आई दूर असताना बाळाला वरचे दूध दिले जाते, त्याच वेळी आईचे स्तन तुंबून राहतात. असे वारंवार झाले की दूध कमी होते. मग 'हिला दूधच पुरत नाही' असा निष्कर्ष काढून वरच्या दुधाचे प्रमाण वाढविले जाते. हे दुष्टचक्र पुष्कळदा चार-पाच तासांच्या एखाद्या अनुपस्थितीपासून सुरू होते, म्हणून त्या अनुपस्थितीचा विचार गांभीर्याने करणे आवश्यक आहे.

बाळाला किती दूध लागते?

घरातील मंडळींच्या मनात सर्वाधिक भीती असते ती बाळ उपाशी राहण्याची. ही भीती अंदाजाऐवजी हिशोबाने दूर करता येते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकास पहिल्या दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ६० मिलिलिटर दूध मोजले जाते. ते हळूहळू वाढत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किलोमागे सुमारे १५० मिलिलिटरपर्यंत जाते.

उदाहरणादाखल, तीन आठवड्यांचे ३ किलो वजनाचे बाळ घेऊ. त्याची चोवीस तासांची गरज ४५० मिलिलिटर होते. नवजात बालक दिवसातून ८ ते १२ वेळा पिते, म्हणजे एका वेळेस सुमारे ४० ते ५५ मिलिलिटर. आई पाच तास बाहेर राहणार असेल तर त्या काळाची गरज ९५ मिलिलिटरच्या आसपास येते. थोडे सांडेल, थोडे जास्त लागेल असे धरले तरी १२० मिलिलिटर दूध पुरेसे ठरते. घरातील लहान पेला साधारण एवढाच असतो. एवढ्यासाठी डबा विकत आणण्याची गरज नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक अत्यल्प असतो. एका वेळी काही थेंब ते चहाचा एक-दोन चमचे. त्याचे प्रमाण अल्प असले तरी त्यातील संरक्षक प्रथिनांमुळे त्याचे मूल्य फार मोठे आहे. या दिवसांत आईला बाळापासून दूर जावे लागले, तर चीक थेट स्वच्छ चमच्यात काढून पाजावा. मोठ्या भांड्यात काढल्यास तो कडांना चिकटून वाया जातो.

दूध काढण्याची पद्धत

दूध काढण्यासाठी यंत्रे बाजारात उपलब्ध आहेत आणि रोज बाहेर जाणाऱ्या मातेला ती सोयीची पडतात. परंतु क्वचित जाणाऱ्या मातेसाठी स्वतःचा हात हेच उत्तम साधन होय. त्याला खर्च नाही, वीज लागत नाही आणि त्याची स्वच्छता साबण-पाण्याने होते. पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१) रुंद तोंडाची स्टीलची वाटी व तिचे झाकण धुऊन १० मिनिटे पाण्यात उकळावे व निथळू द्यावे. पुसण्यासाठी कापड वापरू नये.
२) दोन्ही हात साबणाने स्वच्छ धुवावेत. स्तन प्रत्येक वेळी साबणाने धुण्याची आवश्यकता नाही. त्याने त्वचा कोरडी पडून चिरते.
३) निवांत जागी बसावे. शक्य असल्यास बाळ जवळ असावे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले कापड काही मिनिटे स्तनावर ठेवावे व बोटांनी हलके चोळावे. याने पान्हा फुटण्यास मदत होते.
४) अंगठा स्तनाग्राच्या वर व तर्जनी खाली, स्तनाग्रापासून सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर मागे ठेवावी. प्रथम दोन्ही बोटे छातीकडे आत दाबावीत, नंतर एकमेकींच्या दिशेने दाबून सोडावीत. दाबणे आणि सोडणे ही क्रिया लयीत करावी.
५) स्तनाग्र ओढू अगर पिळू नये, त्वचेवरून बोटे घसरवू नयेत. पद्धत बरोबर असेल तर दुखत नाही. दुखत असल्यास बोटांची जागा बदलावी.
६) एका बाजूने ३ ते ५ मिनिटे काढून धार मंदावली की दुसऱ्या बाजूने काढावे व पुन्हा पहिल्या बाजूकडे यावे. सर्व मिळून २० ते ३० मिनिटे लागतात.

पहिल्या प्रयत्नात वाटीच्या तळाशी जेमतेम थोडे दूध जमते. त्यावरून आपल्याला दूध कमी आहे असे मातेने समजू नये. हे एक कौशल्य आहे व ते तीन-चार दिवसांच्या सरावाने येते. म्हणून बाहेर जाण्याच्या दिवशी सकाळी घाईने प्रयत्न न करता काही दिवस आधी आरंभ करावा. बाळाने एका बाजूने प्यायल्यानंतर दुसऱ्या बाजूने काढल्यास दूध सहज मिळते. अनेक मातांना पहाटे व सकाळी अधिक दूध येते, तो वेळ त्यासाठी योग्य होय.

साठवण : काळ आणि तापमान

काढलेल्या दुधाच्या साठवणीबाबत अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी दिलेल्या मर्यादा अशा आहेत : ताजे दूध २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानास ४ तासांपर्यंत, शीतकपाटात ४ अंशांस ४ दिवसांपर्यंत, उणे १८ अंशांच्या गोठणकप्प्यात ६ महिन्यांपर्यंत उत्तम व १२ महिन्यांपर्यंत स्वीकारार्ह. बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या उष्णतारोधक डब्यात ते २४ तास टिकते.

या मर्यादा आपल्या परिस्थितीत जशाच्या तशा लागू करताना सावधगिरी हवी. विदर्भात व मराठवाड्यात उन्हाळ्यात घरातील तापमान ३५ अंशांच्या पुढे सहज जाते. तेथे बाहेर ठेवलेले दूध चार तासांची वाट न पाहता शक्य तितक्या लवकर वापरावे. वीज वारंवार जात असेल तर शीतकपाट ४ अंशांवर राहत नाही, म्हणून तेथे दूध २४ तासांतच संपवावे. ओल्या कापडात गुंडाळून किंवा माठाशेजारी ठेवल्याने तापमान काही अंशांनी उतरते. कोरड्या हवेत हा परिणाम अधिक, तर कोकणच्या दमट हवेत कमी मिळतो. मात्र कोणत्याही परिस्थितीत माठ हा शीतकपाटाचा पर्याय समजू नये.

साठवणीचे आणखी काही नियम लक्षात ठेवावेत. एका वेळेस लागेल तेवढेच, म्हणजे ४० ते ५० मिलिलिटर दूध एका वाटीत ठेवावे. झाकणावर काढल्याची वेळ लिहून चिकटवावी व आधी काढलेले आधी वापरावे. शीतकपाटाच्या दारात न ठेवता आतल्या बाजूस ठेवावे, कारण दार उघडताना तेथील तापमान सतत बदलते. गार दुधात ताजे कोमट दूध मिसळू नये. ते आधी स्वतंत्र गार करावे.

ठेवलेल्या दुधावर सायीचा थर येतो व खालचा भाग पातळ, किंचित निळसर दिसतो. दूध नासले असे समजून पुष्कळ घरांत ते फेकले जाते. वास्तविक ही केवळ स्निग्धांश वर येण्याची क्रिया आहे. वाटी हलकेच फिरविली की ते पुन्हा एकजीव होते. हे दूध कधीही उकळू नये, त्याने संरक्षक घटक नष्ट होतात. मायक्रोवेव्ह भट्टीतही ते तापवू नये. काही भाग अतितप्त होऊन बाळाचे तोंड भाजण्याचा धोका असतो. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी काही मिनिटे ठेवली की पुरे. बाळाने पिऊन उरलेले दूध दोन तासांत वापरावे, नंतर टाकून द्यावे.

बोंडले, वाटी-चमचा आणि बाटली

तान्ह्या मुलास दूध पाजण्यासाठी आपल्या परंपरेत बोंडले हे साधन आहे. एका बाजूस निमुळती चोच असलेले हे छोटे पात्र चांदीचे अगर पितळेचे असे. बारशाच्या भेटीत चांदीची वाटी व बोंडले देण्याची प्रथा अनेक घरांत होती. आज अतिदक्षता विभागांतही कमी वजनाच्या बालकांना 'पलाडा' या नावाच्या अशाच चोचीच्या पात्राने दूध पाजतात. जे साधन आपण जुने म्हणून माळ्यावर टाकले, ते आधुनिक नवजातशास्त्राने स्वीकारले आहे, ही बाब उल्लेखनीय आहे.

मात्र साधन चांगले असले तरी त्याच्या वापराची जुनी पद्धत सर्वस्वी निर्दोष नव्हती. बाळाला पायांवर आडवे झोपवून, ते रडत असताना तोंडात दूध ओतण्याची सवय काही घरांत आढळते. त्यामुळे दूध श्वासनलिकेत जाण्याचा गंभीर धोका संभवतो. योग्य पद्धत अशी : बाळ पूर्ण जागे असावे. त्याला मांडीवर जवळजवळ उभे धरून मान व पाठ हाताने आधारावी. वाटीची कड किंवा बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठांना लागेल इतकीच तिरपी करावी. बाळ जिभेने दूध घेते, गिळते, थांबते. ते थांबले की आपणही थांबावे. दूध ओतू नये. बाळाला घेऊ द्यावे. तोंड मिटले, मान फिरवली की पोट भरले असे समजावे. शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. चोचीच्या आत दूध साचून राहते, म्हणून बोंडले आतून ब्रशने घासून, धुऊन उकळणे अत्यावश्यक आहे. ते शक्य नसेल तर साधी वाटी व चमचा अधिक सुरक्षित होय.

बाटलीबाबत दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, बाटलीच्या बुचाची सवय लागलेले बाळ स्तन नीट धरत नाही. याविषयी अभ्यासकांत पूर्ण एकमत नाही. सर्वच बाळांच्या बाबतीत तसे घडत नाही. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा असून तो निर्विवाद आहे. बूच व बाटलीचे सांधे स्वच्छ राखणे कठीण असते आणि त्यातून अतिसाराचे जंतू बाळाच्या पोटात जातात. वाटी-चमच्याने हा धोका बराच टळतो. काही तासांच्या अनुपस्थितीसाठी बाटली घरात आणण्याचे कारण नाही. व्यापारी प्रचाराला आळा घालण्यासाठी भारताने १९९२ मध्ये कायदा करून शिशुदुग्धपर्याय व दूध पाजण्याच्या बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला, याची येथे नोंद घेतली पाहिजे.

काय देऊ नये?

मातेच्या अनुपस्थितीत प्रेमापोटी दिले जाणारे काही पदार्थ बाळास अपायकारक ठरू शकतात. मधामध्ये बोट्युलिझम या आजाराच्या जिवाणूंची बीजे असू शकतात, म्हणून एक वर्षापर्यंत मध मुळीच देऊ नये. साखरेच्या व गुळाच्या पाण्याने पोट भरते पण पोषण मिळत नाही. गुटी उगाळण्याची सहाण व पाणी यांच्या शुद्धतेची खात्री नसते. गाईच्या दुधात प्रथिने व क्षार नवजाताच्या मूत्रपिंडास झेपणार नाहीत इतके असतात. त्यात पाणी घातले तर उष्मांक घटतात. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत पाणी देण्याची गरज नसते, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते.

आईला दूध पाजण्यास डॉक्टरांनी मनाई केली असेल, अथवा दूध कोणत्याही उपायाने उपलब्ध नसेल, तर पर्यायाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या अथवा आजारी बालकासाठी वर दिलेली प्रमाणे व मुदती लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या सूचनाच पाळाव्यात. बाळ दूध घेण्यास नकार देत असेल, मलूल पडले असेल, अंग तापले अगर गार पडले असेल किंवा पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

एक उदाहरण : परीक्षेचा दिवस

वरील विवेचन व्यवहारात कसे उतरते, हे पाहण्यासाठी तीन आठवड्यांच्या बाळाची आई असलेल्या एका विद्यार्थिनीचा परीक्षेचा दिवस कल्पू. प्रश्नपत्रिका ११ ते २ या वेळेत असून केंद्र एका तासाच्या अंतरावर आहे. म्हणजे ती १० ला निघून ३ ला परतेल.

घरात शीतकपाट असेल तर तिने आदल्या दिवसापासून ४० मिलिलिटरच्या तीन वाट्या भरून ठेवाव्यात. निघण्यापूर्वी साडेनऊला बाळाला पोटभर अंगावर पाजावे. बाळाच्या आजीने अगर वडिलांनी साधारण १२ वाजता पहिली वाटी व दीड-दोनच्या सुमारास दुसरी वाटी द्यावी. तिसरी वाटी राखीव ठेवावी. घड्याळापेक्षा बाळाच्या खुणांकडे लक्ष द्यावे : तोंड उघडझाप करणे, मूठ चोखणे, मान वळवून शोधणे या भुकेच्या खुणा होत, रडणे ही शेवटची खूण आहे. आई येण्याच्या सुमारास बाळाला भरपेट पाजू नये, म्हणजे ती आल्यावर बाळ उत्सुकतेने अंगावर पिईल आणि तिचा ताणही उतरेल.

घरात शीतकपाट नसेल तर निघण्याच्या अगदी आधी काढलेले दूध झाकून सर्वांत थंड जागी ठेवावे व ते बाराच्या सुमारास वापरावे. उन्हाळ्यात दोन वाजेपर्यंत ते बाहेर ठेवणे योग्य नाही. अशा वेळी बर्फ घातलेला उष्णतारोधक डबा वापरावा. याहून सोपा मार्ग म्हणजे बाळ व आजी यांनी सोबत केंद्रावर जाणे. मग अनुपस्थिती पाच तासांवरून तीन तासांवर येते आणि एकाच वाटीची गरज उरते. मात्र त्यासाठी केंद्रावर बसण्यास एक स्वच्छ खोली हवी.

मातेचीही काळजी घेतली पाहिजे. तीन-चार तासांनंतर स्तन जड होऊन दुखू लागतात व दूध पाझरते. सुती कापडाची घडी आत ठेवावी आणि शक्य होताच थोडे दूध काढावे. तुंबलेल्या स्तनास सूज येऊन ताप भरू शकतो. परीक्षेपूर्वी व नंतर हात धुऊन पाच-दहा मिनिटे दूध काढण्यास आडोशाची जागा मिळणे ही म्हणूनच चैन नव्हे, आरोग्याची गरज आहे.

कुटुंब आणि संस्था यांची जबाबदारी

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा सूत्रांत, बाळापासून दूर राहावे लागले तरी दूध कसे टिकवावे हे मातेला शिकविण्याचा स्पष्ट समावेश होता. त्याच वर्षी मुंबईच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात, म्हणजेच शीव रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांस ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते व ते आजारी, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. एका आईने काढून ठेवलेले दूध दुसऱ्या आईचे बाळ वाचवू शकते, हे जिथे सिद्ध झाले आहे, तिथे स्वतःच्याच बाळासाठी काढलेल्या दुधास 'शिळे' म्हणणे गैर आहे.

कायद्यानेही काही संरक्षण दिले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बालक पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन विरामांची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. परंतु शेतमजूर, ऊसतोड कामगार व घरकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत रजा व विराम प्रत्यक्षात पोहोचत नाहीत. विद्यार्थिनी तर कर्मचारी नसल्यामुळे या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यार्थिनींना प्रसूती रजा व उपस्थितीत सवलत देण्याबाबत नियम करण्यास विद्यापीठांना कळविले. तथापि परीक्षा केंद्रावरील आडोशाच्या खोलीचा प्रश्न महाविद्यालयांनीच सोडवावा लागेल.

महाराष्ट्रात बसस्थानके व शासकीय कार्यालयांत स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' या नावाने खोल्या राखण्यात आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनास आल्या, तेव्हा लोकप्रतिनिधीसही ही गरज चुकत नाही हे सर्वांनी पाहिले. प्रत्येक महाविद्यालयात एक खोली, आतून बंद होणारे दार, खुर्ची, हात धुण्यास साबण-पाणी आणि शक्य असल्यास छोटे शीतकपाट, एवढीच सामग्री पुरेशी आहे.

समारोप

मातेची अल्पकालीन अनुपस्थिती हे स्तनपान थांबविण्याचे कारण नाही. हाताने काढलेले वाटीभर दूध, उकळलेले भांडे, ठेवण्याची थंड जागा आणि बाळाला धीराने पाजणारे घरातील माणूस, एवढ्यावर ही उणीव भरून निघते. हे ज्ञान मातेला प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच, प्रत्यक्ष करून दाखवून दिले गेले पाहिजे. तिच्यासोबत सासूबाई, आई किंवा पती यांपैकी जो कोणी बाळाला सांभाळणार असेल, त्यालाही ते शिकविले पाहिजे. कारण दूध काढणारी आई असली तरी ते पाजण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येते.

हिरकणीच्या धैर्याचा आपण गौरव करतो. पण आईने बाळासाठी कडा उतरावा अशी अपेक्षा तिच्याकडून पुन्हा पुन्हा करणे हा त्या कथेचा बोध नव्हे. गडाचा दरवाजा वेळेवर उघडा राहील आणि खाली घरी वाटीत दूध असेल, अशी व्यवस्था करणे हे कुटुंबाचे, रुग्णालयाचे आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांचे कर्तव्य होय.